कोऱ्या बशा

दहाच्या दहा काचेच्या बशा कोऱ्या. रत्नप्रभाने त्या पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिल्या. आठ दिवसांत जिवाणूंचे पांढरट ठिपके दाटून यायला हवे होते. एकही नव्हता.

मरोळच्या या गाळ्यात तुरीचं कल्चर बनायचं. तुरीच्या मुळांवर गाठी धरवणारे जिवाणू काळ्या भुकटीत मिसळून पाकिटात भरायचे. ते जिवंत आहेत ना, हे तपासून सही करणं एवढंच तिचं काम. आणि तिनेच त्यांना मारलं होतं. पावसाळ्यात गाळ्यात गुडघाभर पाणी भरतं, म्हणून मे महिन्यातच सगळी खोकी पोटमाळ्यावर चढवायची इथली रीत. यंदा ती चढवून घेण्याचं काम तिच्यावर आलं. वर पत्रा तव्यासारखा तापतो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आलं ते चार दिवसांनी. एरवी तपासायची पाकिटं पॅकिंगवाले तिच्या टेबलावर आणून ठेवत. या खेपेला ती स्वतःच शिडी चढली आणि खोक्यांतून दहा पाकिटं काढून घेऊन आली.

आता बाहेर टेंपो भरला जात होता. पेरण्या तोंडावर आल्या होत्या. नोकरी गेली असं धरूनच ती मालकांच्या केबिनमध्ये शिरली. चंद्रप्रकाश जेवत होते. तिने काही लपवलं नाही. टेंपो थांबवा म्हणून हात जोडले. आपला हिंगोलीचा भाऊ कुंडलिकसुद्धा हेच कल्चर लावतो, हे सांगताना तिला रडू आवरेना.

त्यांनी शांतपणे घास संपवला.

"तू काही मारलं नाहीस गं. दोन वर्षं झाली, आपण नुसती भुकटीच भरतोय. तुझ्या टेबलावर येतात ना, तेवढीच पाकिटं खरी असतात."

रत्नप्रभाचा जीव भांड्यात पडला. चूक तिची नव्हती. क्षणभर तिला तेवढंच सुचलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

मग तिला कुंडलिक आठवला. दोन्ही वर्षं त्याने तुरीची रोपं उपटून पाहिली होती. ताई, गाठी नावालाच आहेत, असं तो फोनवर सांगत होता. दोन्ही वर्षं तिने त्याला झापलं होतं. कल्चर चोळलेलं बियाणं सावलीत वाळवायचं सोडून उन्हात टाकलं असशील, तुझ्याच हातून मेले ते.

गेल्या वर्षी त्याने तिची माफी मागितली होती.