दहा फेऱ्यांचा बर्फ

सगळे त्याला गोणी म्हणायचे, कारण समोरचा थकेपर्यंत हा ठोसे खायचा, पण पडायचा नाही. दहाच्या दहा फेऱ्या उभा राहायचा आणि गुणांवर हरून घरी यायचा. म्हणून त्याची ताई प्रत्येक लढतीला डबा भरून बर्फ आणायची, दहा फेऱ्या पुरेल इतका.

आज समोर हेवीवेट चॅम्पियन होता. त्याची लढत कधी तिसऱ्या फेरीपलीकडे गेलीच नव्हती. आज मात्र सहावी संपली तरी गोणी उभाच. तो स्टुलावर टेकला, ताईनं त्याच्या सुजलेल्या डोळ्यावर बर्फ धरला, तेवढ्यात चॅम्पियनचा माणूस रिंगला वळसा घालून धापा टाकत आला.

"ताई, थोडा बर्फ मिळेल का? आमच्याकडचा केव्हाच संपला."

ताईनं डब्यातला अर्धा बर्फ त्याच्या बादलीत ओतला.

गोणी चिडला. "अगं, तो माझं थोबाड फोडायला निघालाय आणि तू त्याला बर्फ देतेस?"

"असू दे रे, पाहुणा आहे," ताई त्याच्या तोंडात माउथगार्ड बसवत म्हणाली. "सातव्या फेरीत आयुष्यात पहिल्यांदाच येतोय बिचारा. तू तर इथलाच."

घंटा वाजली तेव्हा गोणी हसतच उठला.

आठव्या फेरीत पाहुण्याचे पाय लटपटले आणि एका ठोशात तो आडवा झाला. उरलेला बर्फ ताईनं पाण्यात टाकला आणि दोघं बहीणभाऊ गार पाणी पीत बसले. आजवर बर्फ कधी उरलाच नव्हता.