नऊ उत्तरं

"पन्नासपैकी नऊ! याला स्वतःचं हेल्मेट तरी सापडेल का?" अमेरिकन फुटबॉल संघाच्या निवडबैठकीत प्रशिक्षक हसले. खेळाडू हेरून आणणाऱ्या म्हाताऱ्या वेंडेलने बुद्धिचाचणीची उत्तरपत्रिका पुन्हा पाहिली. त्यानेच हेरलेल्या जमारीने नऊच प्रश्न सोडवले होते. प्रत्येक उत्तर खोडून, तपासून लिहिलेलं, नऊही बरोबर. तेवढ्यात पन्नास प्रश्नांची बारा मिनिटं संपली होती. परीक्षेआधी वेंडेलनेच त्याला बजावलं होतं, "घाई करू नकोस, पोरा. चुकीचं काही लिहू नकोस." चुकीला गुण कापत नाहीत, अंदाजानेही लिहावं, हे सांगायचं राहूनच गेलं. "वेंडेल, तुझाच ना हा दिवटा? काढ नाव," प्रशिक्षक म्हणाले. वेंडेलची नोकरी यंदा टांगणीला होती. त्याने निवडीच्या फळ्यावरची जमारीच्या नावाची चुंबकपट्टी काढून खिशात घातली. संध्याकाळी जमारीचा फोन आला, "कुठल्याच संघाने घेतलं नाही, सर. कुठे चुकलं माझं? घाई तर केली नव्हती."