शेवटचा शब्द

“क्लाउनफिशच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा!” तात्यांनी जाहीर केलं. ऐकायला हजर होते एक मासा आणि एक व्याही.

पांढऱ्या पट्ट्यांची काळी किनार बारीक, म्हणून मासा ऑसेलॅरिस जातीचा, असं तात्यांचं म्हणणं. किनार चांगली जाड आहे, पर्क्युलाच तो, असं व्याह्यांचं. त्यासाठी व्याही वर्षभर दर रविवारी भांडायला येत. एरवी तात्यांची बेल वाजवायचा तो पत्ता चुकलेला कुरियरवाला.

आज व्याह्यांनी टाकीच्या काचेला नाक लावून पाहिलं आणि हात टेकले. “तुमचंच खरं, तात्या. ऑसेलॅरिसच. मिटला एकदाचा वाद!” त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

तात्या त्या चपलांकडे बघत राहिले.

“अहो थांबा, मला आता पर्क्युला वाटायला लागलाय. रविवारी येताना जरा भिंग घेऊन या.”