दार लावायची रीत

“मधाची ताटली उंबऱ्यावरच ठेव,” आई म्हणाली. “आत नको. आज नुसतं उंबऱ्यापर्यंत आली तरी पुष्कळ.”

लेकीने ताटली लाकडी पेटीच्या तोंडाशी ठेवली आणि ती मागे सरली. लेक प्राणिसंग्रहालयाची डॉक्टर होती. आई तिथलीच निवृत्त राखणदार. एकोणीस वर्षांपूर्वी मांजराएवढी ठकी टोपलीतून आली, तेव्हा आईनेच तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. आता ठकी चांगलं थोराड अस्वल झाली होती आणि प्राणिसंग्रहालय बंद व्हायचं होतं.

दूरच्या जंगलात अस्वलांसाठी नवं केंद्र उघडणार होतं. डोंगरउतार, ओढा, झाडं, आणि कुंपण असलंच तर नजरेच्या पलीकडे. पण तिथवर जायचं तर ठकीने आपल्या पायांनी पेटीत शिरायला हवं होतं. तिचं हृदय अधू होतं. भुलीचं इंजेक्शन तिला सोसलं नसतं.

ठकी फेऱ्या घालत होती. अकरा पावलं, वळण, पुन्हा अकरा पावलं. सिमेंट तेवढ्याच पट्ट्यात झिजून गुळगुळीत झालं होतं.

“मी तिला काही कमी पडू दिलं नाही,” आई म्हणाली.

“नाहीच दिलंस. पण अकरा पावलं, आई. प्रेमाने ठेवलं म्हणून पिंजऱ्याचं घर होत नाही.”

आईने हातातलं ओलं फडकं पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं, तरी पुन्हा पिळलं.

रीत आईची होती. आधी खाऊ उंबऱ्यावर. मग हातभर आत. मग ओळखीच्या वासाचं जुनं कांबळं. मग दार लावायचं, मिनिटभर, पाच मिनिटं, तासभर, आणि दर वेळी उघडायचं.

“ती बघत असताना दार लावायचं नाही,” आईने लेकीला बजावलं. “पाठ वळली की लावायचं. आवाज होऊ द्यायचा नाही. आणि शेवटच्या दिवशीही रोजच्यासारखंच वागायचं. आपला चेहरा बदलला की तिला कळतं.”

केंद्राने लेकीलाही बोलावलं होतं, कायमची डॉक्टर म्हणून. ते पत्र पाच महिन्यांपूर्वी आलं, तेव्हा तिने ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं, घडी घालून डब्यामागे ठेवलं, आणि संध्याकाळी पुन्हा काढून वाचलं.

“जा की,” आई म्हणाली होती.

“आणि तू? काल गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारत बसलीस. पातेलं अजून घासतेय मी.”

“एका पातेल्यासाठी जंगल सोडतेस?”

लेकीने कागद पुढे ओढला. नकाराचं पत्र लिहून पाकीट चिकटवलं आणि टपालात टाकायला आईच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, “पत्राचं काम केलंस?”

“केलं,” आई म्हणाली.

तेव्हापासूनच आईला मैत्रिणीकडे जायचं वेड लागलं. मैत्रीण पूर्वी प्राणिसंग्रहालयाच्या तिकीटखिडकीवर बसायची. आता चार गल्ल्या पलीकडे एकटी राहत होती. आधी आई दुपारची जाऊन यायची. मग सकाळची गेलेली दिवेलागणीला परतू लागली. मग एक रात्र राहिली. त्या रात्री लेक औषधाची डबी घेऊन मैत्रिणीच्या दारात हजर.

“विसरलीस.”

“दुसरी डबी आहे माझ्याजवळ. जा, झोप जाऊन.”

पुढच्या खेपेला लेक आली नाही. त्याच्या पुढच्या खेपेला आई चार दिवसांनी परतली, तर लेक खिडकीशी पुस्तक वाचत बसलेली. मान वर करायलाही तिला जरा वेळ लागला.

“तुझी उशी गेली, चष्मा गेला, आता चहाचा कपही तिकडेच,” लेक म्हणाली. “मला टाकून जायचा बेत आहे की काय?”

“तुझी कटकट चुकेल तेवढीच.”

मैत्रीण मात्र वैतागली होती. “रात्रभर कूस बदलत असतेस. माझ्या घोरण्याने तुला झोप लागत नाही, पत्त्यांत मी लबाडी करते म्हणून रुसतेस. मग येतेस कशाला?”

“सवय व्हायला हवी,” आई म्हणाली आणि तिने पत्ते पिसले.

एकविसाव्या दिवशी ठकी कुणी न बोलावता पेटीत शिरली, कांबळ्यावर बसली आणि दाराकडे पाठ करून पंजे चाटू लागली. आईने दार खाली सोडलं. कडी लागल्याचं ठकीला कळलंही नाही. लेकीचे डोळे भरून आले. आईने फडकं धुवून वाळत घातलं.

पेटी ट्रकवर चढली. ठकी रुळेपर्यंत दोन दिवस लेक सोबत जाणार होती.

“औषधं वेळेवर घे. आणि दूध तापवत ठेवून उठू नकोस.”

“नाही उठत.”

“बॅग इतकी जड कशी भरलीस गं? दोन दिवसांची तर गोष्ट.”

“तिकडे थंडी असते.”

लेक पेटीच्या दोऱ्या तपासायला मागे गेली, तेव्हा ड्रायव्हरने बॅग उचलली आणि तो आईला म्हणाला, “डॉक्टरबाईंची खोली रंगवून ठेवलीय. केंद्राचे साहेब म्हणाले, नकार कळवला नाही म्हणजे येणारच.”

आईने मान डोलावली.

बॅगेत, लोकरीच्या कपड्यांच्या तळाशी, पाच महिन्यांपूर्वी चिकटवलेलं पाकीट जसंच्या तसं होतं. ठकीला एकवीस दिवस लागले होते. लेकीला पाच महिने.

लेक येऊन ड्रायव्हरशेजारी बसली. आई दार धरून उभी होती, रोजच्यासारखी. मागच्या काचेतून ठकी दिसते का ते पाहायला लेकीने पाठ वळवली, आणि आईने आवाज न होऊ देता दार लावलं.