कोपऱ्यातला बाक

आमच्या गावातल्या चारशे वर्षांच्या पबच्या नव्या मालकाला टीव्ही लावायला कोपऱ्यातला ओकचा बाक उखडायचा होता. बाकावर हॉरेस आजोबा, हातात पिंपातल्या एल बियरचा ग्लास.

"उठा आजोबा."

"टीव्ही माझ्या डोक्यावर टांग. मी उठत नसतो."

शेवटी आम्ही वारसा जपणाऱ्या सरकारी खात्यातल्या बाईंना बोलावलं. परवानगीशिवाय जागचं हलवायचं नाही, अशा गोष्टींच्या यादीत त्यांनी दगडी शेकोटी लिहिली, बाक लिहिला, मग हॉरेस आजोबांना नीट न्याहाळून त्यांचंही नाव लिहिलं. मालक टीव्ही परत घेऊन गेला.

 

सात वाजता बेरिल आजी नवऱ्याला जेवायला न्यायला आल्या, तेव्हा आजोबा जागचे न हलता म्हणाले, "आधी खात्याची लेखी परवानगी आण."