बदकांचा कायदा

पहाटे पाच वाजता डेल क्वाम नावेजवळ उभा दिसला, तेव्हा ओरिनला हायसं वाटलं. पण ते फार टिकलं नाही. डेलने ना मान हलवली, ना हात वर केला. त्याची कुत्री पेग तेवढी शेपटी हलवत ओरिनच्या पायाशी आली, तर डेलने तिलाही हाक मारून मागे बोलावलं.

बेचाळीस वर्षं दोघं याच तळ्यावर बदकांच्या शिकारीला येत होते. डेलचं गावात बंदुका आणि मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. ओरिन हाऊगेन निवृत्त पोस्टमन, आता नगरपरिषदेत सदस्य. आदल्या संध्याकाळी परिषदेपुढे एक ठराव होता. बंदुकीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या कप्प्यात, दहापेक्षा जास्त गोळ्या मावू नयेत असा कायदा राज्य सरकार करू पाहत होतं, आणि त्याला गावाने पाठिंबा द्यायचा होता. डेल सगळ्यांत आधी उभा राहिला, विरोधात बोलला आणि दुकानात कोणी नाही म्हणून लगेच निघून गेला. ओरिनचं मत त्याने विचारलंसुद्धा नव्हतं. ते तो धरूनच चालला होता. नंतर त्याला कळलं की ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला आणि तिसरा हात ओरिनचा होता.

दोघांनी नाव वल्हवली, थव्यांना भुलवायला पाण्यावर प्लास्टिकची बदकं सोडली आणि काठच्या पाणकणसांच्या आडोशाला नाव लावून ते तिच्यातच बसले. उजाडू लागलं. एक थवा लांबूनच वळून गेला.

"गावाच्या ठरावाला राजधानीत कुत्रं विचारत नाही," डेल पाण्याकडे बघत म्हणाला.

"मग एवढा चिडतोस कशाला?"

"ठरावासाठी नाही चिडलो. तू मला आधी सांगायला हवं होतंस."

हात वर जाईपर्यंत ओरिनचं ओरिनलाच माहीत नव्हतं, हे सांगून डेलला पटलं नसतं. डेल मग बोलतच राहिला. आज दहा म्हणतायत, उद्या पाच म्हणतील, परवा घरात येऊन कपाट उघडायला लावतील. चाळीस वर्षं दुकान चालवलं, एक बंदूक भलत्या माणसाच्या हातात दिली नाही, आणि आता गावच त्याच्याकडे चोरासारखं बघणार. आवाज चढला नव्हता. त्यामुळे ओरिनला ते जास्त लागत होतं.

तेवढ्यात मोटरबोटीचा आवाज आला. वन्यजीव खात्याची ब्रेना होती, दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली. तिने परवाने पाहिले, मग बंदुका मागितल्या. डेलने आपली रिकामी करून तिच्या हातात दिली. तिने मॅगझिनच्या नळीत एक काडतूस सरकवलं, दुसरं सरकवलं. तिसरं जाईना. अंगठ्याने दाबून पाहिलं, तरी आतली लाकडी दांडी जाऊ देईना. झाडायला तयार असतं ते चेंबरमधलं एक धरून तीनच, बदकांच्या शिकारीच्या नियमाप्रमाणे. ओरिनची बंदूकही तशीच निघाली. दोन म्हाताऱ्यांची सकाळ बिघडवली म्हणून ती ओशाळून माफी मागू लागली.

"माफी कसली मागतेस?" डेल म्हणाला. "तपासायलाच हवं. नळीत ही लाकडाची दांडी ठोकायला लावली, म्हणून तर तळ्यावर पक्षी उरलेत. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या वेळी लोक एका दमात अख्खा थवा लोळवायचे. उडून जायला सवडच द्यायचे नाहीत. मग कायदा झाला, तेव्हा कुठे..."

तो थांबला. ब्रेनाने मान डोलावली, बोट वळवली आणि ती पलीकडच्या काठाकडे निघून गेली.

ओरिनने एक शब्द काढला नाही. काढला असता तर डेल पुन्हा कधी त्याच्याबरोबर नावेत बसला नसता, हे त्याला ठाऊक होतं. तो पेगच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. या वेळी डेलने तिला हाक मारली नाही.

बऱ्याच वेळाने डेलने विचारलं, "काल मी गेल्यावर कोण बोललं?"

"मार्लिस टॉफ्ट."

मार्लिस बालवाडीची शिक्षिका होती. डेलची नात तिच्याच वर्गात होती. ओरिनने तिचं बोलणं जमेल तसं सांगितलं. ती कोणाशी भांडली नव्हती. तिच्या वर्गाला मागच्या बाजूला एक दार आहे. शाळेत कोणी माणूस बंदूक घेऊन घुसला तर मुलांनी तिथून बाहेर पडायचं, याचा सराव ती दर महिन्याला करून घेते. तिचा नवरा शेरीफच्या हाताखाली पोलीस आहे. एकदा तिने त्याला मॅगझिन बदलायला लावलं आणि तेवढ्या वेळात किती मुलं दाराबाहेर जातात ते पाहिलं. मोठी मॅगझिन असली तर तो माणूस थांबतच नाही, असं ती म्हणाली. लहान असली तर ती बदलायला त्याला थांबावं लागतं. तिला तेवढं थांबणं हवं होतं.

"किती गेली?"

"चार. तेविसातली चार."

"चारच?"

"दाराशी पायरी आहे. आणि रांगेत जातात ना, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून."

पाणकणसांवरून एक मोठा थवा अगदी खाली येऊन गेला. पेग उठून उभी राहिली आणि डेलच्या तोंडाकडे बघू लागली. डेलची बंदूक मांडीवरच होती.

"रांग कशाला लावते?" तो म्हणाला. "सांग तिला, धावू दे म्हणावं."