वेडंवाकडं अक्षर

बावीस वर्षं जव्हारच्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या मंसूर पेंटरला अक्षर बिघडवून लिहा, असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं प्रौढांचे साक्षरता वर्ग चालवणाऱ्या गोवर्धन साहेबांनी, मोखाड्यापलीकडच्या एका पाड्यावर, वर्गाच्या भिंतीसमोर उभं करून.

“‘आम्ही लिहायला शिकलो’, एवढंच लिहा. पण तुमचं ते दोरी मारून काढलेलं छापील अक्षर नको. हाताने लिहिल्यासारखं, जरा वेडंवाकडं. उद्या ठाण्याहून तपासणीला येताहेत. पाड्यावरच्या माणसांनीच लिहिलंय असं वाटलं पाहिजे.”

“मग त्यांनाच लिहू द्या की, साहेब. रंग मी कालवून देतो.”

“त्यांना लिहिता येत असतं तर तुम्हाला कशाला आणलं असतं?”

मंसूरने वर्गाच्या दाराकडे पाहिलं. कुलूप गंजून कडीला चिकटलं होतं. त्याच्या मस्तकात तिडीक गेली, तरी त्याने ब्रश रंगात बुडवला. त्याने ओळ उतरती नेली, वेलांट्या लुळ्या पाडल्या, ‘शि’ तर मुद्दाम दोनदा गिरवला.

“अगदी हुबेहूब,” म्हणत साहेब खुशीत जीपमध्ये बसले.

जीप वळणाआड गेल्यावर मंसूरने पिशवीतून खडूची दोरी काढली, भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात ताणून मारून सरळ रेघ उमटवली, आणि आपल्या प्रत्येक पाटीखाली लिहायचा तसं सरळ, ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘पेंटर मंसूर, जव्हार’.